लोण्याची सुरी

पोलिसांनी ईवारच्या शेडला निळी-पांढरी पट्टी बांधली
त्या दिवशी दुपारी तीनलाच अंधार पडला.
नोव्हेंबरात इकडे पडतोच. त्यात काही संकेत नव्हता.
हे आधीच सांगून टाकते, कारण आता गावात
ज्याला त्याला संकेतच आठवताहेत.

पेट्रोल पंपावर, कॉफीच्या मशीनपाशी, बेंग्ट-ओके म्हणाला,
मला सातवीतच कळलं होतं. त्याचे डोळे.
सातवीत बेंग्ट-ओकेला सात नव्वे त्रेसष्ट कळत नव्हतं.
राग्नहिल्ड म्हणाली, छे, असा माणूस शोधून सापडणार नाही,
माझ्या भावाला बूट घेऊन दिले, कुणाला कळू न देता.
मग कुणीतरी करवत फेकल्याचं काढलं.
कुणावर? भिंतीवर.
नाही, भिंतीपाशी होकान उभा होता.
संध्याकाळपर्यंत होकानच्या कानाला चार टाके पडले.
होकान त्या वर्षी आमच्या शाळेतही नव्हता.

ईवार आम्हाला लाकूडकाम शिकवायचा.
चौथीतल्या प्रत्येकाने जुनिपरच्या लाकडाची
लोण्याची सुरी करायची, हा रिवाज.
पहिल्या तासाला ताजा तुकडा त्याने
आमच्या नाकांपाशी धरला, वीसच्या वीस, एकेक करून.
मग चाकू दिले. खरे.
पातं अंगापासून लांब जाऊ द्या, म्हणाला,
हात ताणलात की जेवढं वर्तुळ होतं
तेवढ्यात दुसऱ्या माणसाला येऊ द्यायचं नाही.

माझी सुरी वाकडी झाली. मी रडले.
तो म्हणाला, लाकडाचा कल बघ की जरा,
सुतासारखं सरळ फक्त सूत असतं.
एकतीस वर्षं हे वाक्य मी वापरलंय,
दोन मुलांवर, एका सोडून गेलेल्या नवऱ्यावर.
आता ते कुणाचं म्हणून सांगू?

उमिओहून वार्ताहर आली. शिक्षक म्हणून कसा होता?
चांगला, म्हटलं.
तिने लिहिलं, आणि पेन वर धरून थांबली,
‘चांगला’च्या पुढे ‘पण’ मावेल एवढी.
मधल्या सुट्टीत तो खिडकीत उभा राहायचा, मी म्हटलं.
खूप वेळ.
राहायचाच. खिडकीत कोण उभं राहत नाही?
तिने भराभर लिहून घेतलं.
रंधा मीही मारला. पायाशी ढलप्या पडल्या.

आई म्हणते, संशयित म्हणजे अजून काहीच नाही.
मग दाराला कुलूप का लावतेस?
थंडी आहे म्हणून.

गुनेल सुंदेलिन. हे नाव मी इथे लिहिते,
कारण पंपावर ते आता कुणी घेत नाही.
‘ती’ म्हणतात, किंवा नदीकडची.
पुस्तकांची बस चालवायची. बोटं उघडी टाकणारे
राखाडी मोजे, तारखेचा शिक्का, डिझेलचा वास.
अर्ध्यात सोडलंस तरी चालेल हं, म्हणाली होती मला एकदा,
पुस्तकाला काही वाटत नाही.
ती कशी होती, विचारायला
उमिओहून कुणी आलेलं नाही.
तिचे डोळे कसे होते? बेंग्ट-ओकेलाही सांगता येणार नाही.
मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी
आम्ही सगळे खातोय,
आणि सुऱ्या ईवारने करायला शिकवलेल्या.

राग्नहिल्डने तिची चुलीत घातली. जुनिपर जळताना
वास चांगला येतो, म्हणाली, आणि गप्प झाली.
माझी खणात आहे. सकाळी धाकटीने काढली,
माझ्याकडे बघितलं, परत ठेवली, पुन्हा काढली.
पावाला लोणी लावलं.
वाकड्या बाजूला नेहमीसारखं थोडं उरलं,
ते तिने बोटाने चाटलं.

गुनेलकडून आणलेलं पुस्तक खिडकीत पडलंय.
शिक्का सोळा तारखेचा.
बस तर पोलिसांच्या आवारात.
कुठे परत करायचं, कुणी कळवलेलं नाही.